जमिनीपासून एक फूट

गॅसचा डिटेक्टर घरात कुठे लावायचा हे ठरवायला कंपनी मला पगार देते, आणि जयसिंगपुरातला प्रत्येक माणूस ते मला फुकटात शिकवतो.

तिसऱ्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांना तो देव्हाऱ्याशेजारी हवा होता, म्हणजे देवाचंही लक्ष राहील. एका वहिनींना नव्या टाइल्सना भोक नको होतं, म्हणून त्यांनी फ्रिजच्या मागची जागा सुचवली. एका हौशी गृहस्थांनी बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर खिळा मारूनच ठेवला होता. पाहुण्यांना दिसला पाहिजे ना! आणि निम्म्या गावाचं म्हणणं एकच, "खिडकीपाशी लावा की ओ, हवेशीर." हवेशीर जागा माणसाला चांगली. डिटेक्टरला तिथे बाहेरची ताजी हवा मिळत राहते आणि आत काय चाललंय याचा पत्ता नसलेला तो बिचारा हिरवा दिवा लावून बसतो.

मी हेमा खराडे. आठव्या गल्लीत राहते. गेली आठ वर्षं पिशवीत ड्रिल आणि तोंडात समजूत घेऊन घरोघर फिरते. ही गोष्ट मात्र लोकांच्या घरची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच स्वयंपाकघरात होता.

थोडं शास्त्र आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सिलिंडरमधला गॅस हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. गळला की पाण्यासारखा खाली बसतो, फरशीवरून सरपटत उंबरा ओलांडतो, खोलगट जागी साचतो. म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर. तीन वर्षांपूर्वी, २०३८ साली, गावात पाइपचा गॅस आला. साखर कारखान्यात उसाचा रस गाळून जो गाळ उरतो तो कुजवून काढलेला मिथेन. हा हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. गळला की वर जातो आणि छताला चिकटून राहतो. त्याचा डिटेक्टर छतापासून फूटभर खाली. गॅस बदलला की डिटेक्टरनं भिंत चढायची, एवढं साधं आहे. गावातले चार हजार डिटेक्टर आम्ही असे वर चढवले. आमच्या घरचा तेवढा खालीच राहिला, कारण त्याच्यासमोर मिरचीची पोती होती आणि पोती हलवायची म्हणजे आक्कांना विचारायचं.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती खराडे. वय एकाहत्तर, आवाज पंचविशीतला. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणी म्हणतात, आणि चटणी म्हटलं की अख्ख्या तालुक्यात आक्कांचं नाव निघतं. त्यांच्या 'जिव्हाळा' महिला गटाची पाकिटं पुण्या-मुंबईपर्यंत जातात. पाकिटावर आक्कांचा फोटो आणि खाली ओळ: 'इंदूआक्कांनी वास घेऊन पास केलेली'.

हा वास घेण्याचा कारभार मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सोसत होते. कढईत खोबरं परतायला टाकलं की हाक यायची, "हेमा, इकडं ये. वास घे. काय वाटतंय सांग." मी घाबरत म्हणायची, खमंग वाटतोय. "नुसतं खमंग न्हवं. खवट आहे का? कुठं कडू येतोय का? परत घे." धणे, दगडफूल, नागकेशर, खडा हिंग, एकेकाची अशी तपासणी. सोळा वर्षं. पहिल्या महिन्यात मी माहेरी फोन करून सांगितलं होतं, "आई, सासू कसली, बोर्डाची परीक्षा आहे."

खोटं कशाला बोलू, माझी नोकरीसुद्धा त्याच परीक्षेची. गॅस कंपनीच्या मुलाखतीत बारा बाटल्यांचा वास देऊन ओळखायला सांगितलं होतं. इंजिनिअर झालेली पोरं सातवर अडकली. मी बाराच्या बारा ओळखल्या आणि नवव्या बाटलीतलं तेल जुनं आहे हेही सांगितलं. घरी येऊन पेढे ठेवले तर आक्का म्हणाल्या, "मग! शिकवलंय कुणी?" तेव्हा मला रागच आला होता.

तर यंदा फेब्रुवारीत कंपनीनं आम्हाला नवं यंत्र दिलं. बाजरीच्या दाण्याएवढ्या मण्यांची दोरी, साठ मणी, प्रत्येक मण्याला वास कळतो. दोऱ्या छतापासून जमिनीपर्यंत सोडायच्या. मग शेगडीपाशी चाचणीची नळी लावायची. पांढऱ्या नळीत हवेपेक्षा हलका वायू, निळ्या नळीत जड. दोन्ही न पेटणारे, वास मात्र खऱ्या गॅसचा. गॅसला स्वतःचा वास नसतोच. माणसाला कळावं म्हणून त्यात कुजक्या कोबीसारखा वास मुद्दाम मिसळतात. नळी सोडली की वायू कुठून कुठे जातो, कुठे घुटमळतो, हे मोबाइलवर रंगांत दिसतं. एकाच नकाशाची दोन घरं असली तरी दोघांची हवा वेगळी. कुणाचा पंखा वायूला कोपऱ्यात ढकलतो, कुणाचा पोटमाळा त्याला पोटात ठेवून घेतो. जागा हवा ठरवते, मी फक्त भोक पाडते.

यंत्राचा दुसरा भाग माणसाचा. चाचणीच्या वेळी घरात असेल त्या प्रत्येकाच्या हातात एक बटण द्यायचं. वास आला की दाबायचं. कारण घरातला पहिला डिटेक्टर म्हणजे माणसाचं नाक. शंभर भाग हवेत सिलिंडरचा गॅस दोन भाग झाला की तो ठिणगीची वाट बघायला लागतो. नाकाला त्याच्या पुष्कळ आधी कळलं पाहिजे. सगळ्यांची बटणं साठ सेकंदांच्या आत वाजली तर साधी व्यवस्था. कुणाला त्याहून उशीर झाला, किंवा वास आलाच नाही, तर त्या घराला वर-खाली दोन डिटेक्टर, गॅस आपोआप बंद करणारी झडप, आणि दारावरच्या मीटरला पिवळी पट्टी. अग्निशमनवाल्यांना कळावं म्हणून. कागदावर ती 'विशेष काळजी'ची पट्टी. गल्लीला मात्र तिचा अर्थ चार दिवसांत पाठ झाला, की या घरात कुणाला तरी वास येत नाही.

आमच्या घरची पाळी मी एप्रिलपर्यंत लांबवली. एका रविवारी आमचे हे कारखान्यावर गेले होते, आक्का कांदे चिरून मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा दोऱ्या सोडल्या.

"आक्का, हे बटण धरा. वास आला की दाबायचं."

"माझ्या नाकाची परीक्षा घेतीस व्हय गं?"

"परीक्षा नाही, नियम आहे."

"घे बाई. सोळा वर्षं मी घेतली, आता तू घे." त्या स्टुलावर बसल्या. पदर सारखा केला. शेगडीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मी नळीची कळ फिरवली आणि मोबाइलकडे बघत बसले. चाळीस सेकंद झाले आणि बटण वाजलं.

"आला," आक्का म्हणाल्या आणि पदर नाकाला लावला. "शी! कुजका कोबी."

मोबाइलवर मात्र काहीच नव्हतं. साठ मणी, साठही पांढरे. मला वाटलं, दोरीच बिघडली. मग नळीकडे नजर गेली. तिचं लाल सील जसंच्या तसं होतं. रोज दहा घरं करणारी मी, सासूसमोर बसले आणि सील फोडायलाच विसरले होते. नळीतून काहीही बाहेर आलेलं नव्हतं.

मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. माझ्या तर ती अंगावरच पडली.

"काय झालं गं?"

"काही नाही. मोबाइल अडकला. परत करू."

मी सील फोडलं. बाराव्या सेकंदाला वास माझ्या नाकात असा घुसला की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. पण मी चेहरा हलू दिला नाही. वीस. तीस. मण्यांवरून रंग वर चढत पोटमाळ्याला लागला. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ बारीक हलत होते. त्या मोजत होत्या.

चाळीस. बटण वाजलं. "आला."

चाळीस हा आकडा कुठून आला तेही मला ठाऊक होतं. गटातल्या मालनकाकूंच्या घरी गेल्याच आठवड्यात चाचणी झाली होती, आणि काकूंनी सगळ्यांना सांगितलं होतं, "माझं चाळीस सेकंदांत वाजलं."

मी काय करायला हवं होतं हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. मी काय केलं ते सांगते. मी चाळीस लिहिले. पुढचा प्रश्न होता, घरात सिलिंडर आहे का? आहे, चटणीच्या दिवसांत मोठ्या शेगडीसाठी मागच्या अंगणात. उघड्यावर? हो. मग यंत्रानं ठरवलं की सगळ्यांना वास वेळेत येतो, सिलिंडर उघड्यावर आहे, तेव्हा खालच्या डिटेक्टरची गरज नाही. निळी नळी मी काढलीसुद्धा नाही. पोती हलवली, जुना डिटेक्टर उचलला, पोटमाळ्याच्या तोंडाशी, यंत्रानं दाखवलं तिथे वर लावला. पोती हलवताना आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. मिरचीच्या पोत्याला कुणी हात लावला आणि त्या गप्प बसल्या, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

का लिहिले चाळीस? पाकिटावरची ओळ डोळ्यांपुढे आली म्हणून. पिवळी पट्टी बघून गटातल्या बायका काय बोलतील ते ऐकू आलं म्हणून. आणि थोडा रागही होता, तो का लपवू? मला सोळा वर्षं 'परत घे, परत घे' करणारी बाई स्वतःला वास न येता माझी परीक्षा घेत होती! मला वाटलं, बोलायला लागले तर नको ते बोलून जाईन. त्यापेक्षा आकडा टाकलेला बरा.

पुढचे चार दिवस मी लोकांच्या घरी गेले की त्यांच्या ओठांकडे बघायला लागले. कोण मोजतंय, कोण नवऱ्याच्या तोंडाकडे बघतंय. गुरुवारी सकाळी ऑफिसात बसून घरचा फॉर्म पुन्हा उघडला. 'सिलिंडर उघड्यावर'. उघड्यावर कसला? एप्रिलचा वारा सुटला की आक्का मोठी शेगडी आणि सिलिंडर ओढून मागच्या पत्र्याच्या खोलीत घेतात, ज्योत विझते म्हणून. दर वर्षी घेतात. मीच एक बाजू धरते. हे मला माहीत असून मी 'हो' लिहिलं होतं.

मी स्टोअरमधून एक निळी नळी आणि एक खालचा डिटेक्टर घेतला, वहीत सही केली, तिथेच त्याची बॅटरी बसवून तो चालू करून पाहिला आणि जेवायला म्हणून घरी निघाले.

ऊन मी म्हणत होतं. दार उघडंच होतं. उंबऱ्यात पाय ठेवला आणि वास आला.

पांढऱ्या नळीचा नाही, खऱ्या गॅसचा. छाती उंचीला पुसटसा, वाकले तर भरघोस. वर पोटमाळ्याच्या तोंडाशी आमचा डिटेक्टर हिरवा दिवा लावून निवांत बसला होता. त्याची काही चूक नव्हती. त्याला वर जाणाऱ्याची राखण सांगितली होती, आणि हा खाली बसणारा होता. माझ्या खांद्यावरची पिशवी घसरून जमिनीवर पडली आणि तिच्यातला नवा डिटेक्टर किंचाळायला लागला.

स्वयंपाकघराच्या पलीकडे, पत्र्याच्या खोलीच्या दारात आक्का उभ्या होत्या. एका हातात कांद्याची बुट्टी, दुसऱ्या हातात लायटर. नंतर कळलं ते असं: त्यांनी रेग्युलेटर चालू केला, तेवढ्यात मालनकाकूंचा फोन आला, दहा मिनिटं बोलणं झालं. तेवढा वेळ शेगडीच्या रबरी नळीच्या चिरेतून गॅस खोलीभर पसरत होता. आता त्या शेगडी पेटवायला निघाल्या होत्या.

"आक्का!" मी ओरडले. "लायटर खाली! दाबू नका!"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, का गं, काय झालं. आक्कांनी लायटर तसाच धरला, बोट लांब केलं आणि माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "वास येतोय?"

"येतोय."

"लई?"

"लई. बुट्टी ठेवा आणि तशाच मागच्या दारानं बाहेर जा. दिव्याचं बटण दाबू नका, कशालाच हात लावू नका."

त्या गेल्या. मी श्वास धरून रेग्युलेटर बंद केला, दोन्ही दारं सताड उघडली. आतली शेगडी बंद होती. देव्हाऱ्यातली समई सकाळीच शांत झाली होती. त्या दिवशी मी त्या विझलेल्या समईला हात जोडले, पेटत्या समईला कधी इतक्या मनापासून जोडले नसतील.

अर्धा तास आम्ही दोघी अंगणातल्या कट्ट्यावर बसलो. आत पिशवीतला डिटेक्टर ओरडत होता, मग अडखळत ओरडला, मग गप्प झाला. आक्कांच्या हातात अजून लायटर होता. मी तो काढून घेतला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ती मोठी साथ आलीती न्हवं, एकवीस साली. सतरा दिवस शाळेत ठेवलंतं आम्हास्नी. घरी आले, लोणी कढवायला ठेवलं, आणि लोण्याचं तूप झालं तरी मला कळलं न्हाई. करपलं. म्हटलं, येईल परत. सगळ्यांचा येतोय. मालनचाबी आला म्हणाली. माझा आलाच न्हाई."

"वीस वर्षं? मग चटणी कशी..."

"कांद्याचा आवाज बदलतो. तेल सुटतंय ते दिसतं. धणे बोटात धरले की कळतं भाजलेत का कच्चे आहेत. तेवढ्यावर चार वर्षं ढकलली. पण खोबरं खवट हाय का, ते कानाला कळत न्हाई, डोळ्याला कळत न्हाई. एक घाणा वाया गेला, दोन गेले. गट मोडायची पाळी आलीती." त्या थांबल्या. "आणि मग तू आलीस."

मी त्यांच्याकडे वळले.

"दुसऱ्या दिवशी तुला खोबऱ्याचा वास घ्यायला लावला. तू म्हणालीस, आत्याबाई, एका बाजूनं जुनं वाटतंय. त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. हेमा, मी तुझी परीक्षा कधीच घेतली न्हाई गं. मला म्हाईतच नसायचं. मी तुला इचारत होते."

सोळा वर्षांच्या सगळ्या हाका माझ्या कानात एकदम फिरल्या. वास घे. काय वाटतंय सांग. परत घे. मला वाटायचं माझं उत्तर चुकलं म्हणून परत. ती बाई खात्री करून घेत होती, कारण तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी रडले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला एकदम भरून आलं की हा हात अजून आहे, मी जेवायच्या निमित्तानं घरी आले म्हणून आहे.

"मी त्या दिवशी चाळीस लिहिले," मी म्हटलं. "तुम्ही मोजत होता ते मला कळलं होतं. नळी बंदच होती पहिल्यांदा."

"बंद होती?" आक्कांना हसू फुटलं. "म्हणजे मी कशाला नाक मुरडलं मग?"

त्या दुपारी मी निळी नळी सोडली, सील आठवणीनं फोडून. जड वायू पत्र्याच्या खोलीतून फरशीवर उतरला, उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात आला आणि आक्कांच्या स्टुलाभोवती, त्या बसतात बरोब्बर तिथे, साचून राहिला. यंत्रानं भिंतीवर खूण दाखवली. स्टुलाशेजारी, जमिनीपासून एक फूट. तिथे मी भोक पाडलं. फॉर्ममधला चाळीस खोडून 'वास येत नाही' लिहिलं. दारावरच्या मीटरला पिवळी पट्टी लावायला मात्र माझा हात होईना. आक्कांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चिकटवली, अंगठ्यानं कडा दाबून.

"आता गल्ली बोलायच्या आधी मीच बोलते," म्हणाल्या.

सोमवारी गटाच्या बैठकीत मला शेजारी बसवून त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. मग मालनकाकू उठल्या. "वीस वर्षं? आणि माझं खोबरं खवट म्हणून दोनदा परत पाठवलंस तू!"

"ते हेमानं सांगितलंतं."

काकू माझ्याकडे वळल्या. "म्हणजे ती तू व्हय!"

काही जणी हसल्या, पण सगळं हसण्यावारी गेलं नाही. दोघीजणी म्हणाल्या, गिऱ्हाइकाला फसवलं हे. त्यांचं चूक नव्हतं. पाकिटावरची ओळ काढली. सांगलीच्या एका दुकानदारानं माल परत पाठवला. मालनकाकू पंधरा दिवस आमच्या घराकडे फिरकल्या नाहीत, आणि आक्का पंधरा दिवस दाराकडे बघत बसल्या. मलाही साहेबांनी बोलावून घेतलं. आमचे बागवान साहेब तसे शांत.

"नोंद खोटी केली?"

"केली."

"स्वतःच्या घरची?"

"स्वतःच्या घरची."

त्यांनी मला आठ दिवस घरी बसवलं. नवव्या दिवशी समोर कागद ठेवला. "ते सील न फोडता केलेलं काय होतं, ते नीट लिहून द्या. आपण सगळीकडे पहिली फेरी तशीच करायची. नळी बंद ठेवून." त्याला आता आम्ही कोरी फेरी म्हणतो. माझ्या वेंधळेपणातून आलेली आहे, पण आता पुस्तकात छापलेली आहे.

पंधरा दिवसांनी मालनकाकू आल्या. घरी नाही, माझ्या ऑफिसात. इकडे तिकडे बघून खुर्ची पुढे ओढली.

"हेमा, माझं ते चाळीस सेकंदांचं... ते परत मोजशील काय?"

"काकू! तुम्हीसुद्धा?"

"मी म्हटलं, इंदूचा वास परत आला, माझाच कसा आला न्हाई. लाज वाटली. म्हणून सांगितलं, माझाबी आला." पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "ती माझं ऐकून गप्प बसली, मी तिचं बघून गप्प बसले. वीस वर्षं एकाच खोलीत चटणी करतोय आम्ही दोघी."

कोरी फेरी सुरू झाली आणि गावात आणखी एकतीस घरं निघाली. काहींना आम्ही धरलं, पण बरीचशी आपण होऊन आली. पिवळ्या पट्टीची लाज गेली असं नाही म्हणणार. पण आठव्या गल्लीत ती आक्कांच्या दारावर आहे आणि आक्का तर कुणापुढे मान खाली घालत नाहीत, एवढं लोकांनी बघितलं. मी त्या एकतीस घरांत खाली-वर डिटेक्टर लावले. प्रत्येक घरी माझ्याआधी चहा तयार असायचा. परवा त्यातल्याच एका घरचा खालचा डिटेक्टर दुपारी वाजला, आजोबा काठी टेकत बाहेर आले आणि झडपेनं गॅस बंद केला. त्यांच्या सुनेनं मला फोन केला आणि ती नुसतीच रडत राहिली. मी म्हटलं, राहू दे, मला कळतंय.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर घर चालतं त्या हत्यारांची पूजा करतात. आक्कांनी सकाळीच पाट मांडला. मोठी कढई घासून पालथी ठेवली, तिच्यावर उलथणं आणि झारा. ह्यांचा कारखान्यावरचा पाना. माझं ड्रिल. झेंडूच्या माळा. मग हळद-कुंकवाची कोयरी घेऊन त्या भिंतीकडे, स्टुलाशेजारच्या डिटेक्टरकडे वळल्या.

"आक्का, त्याला हळद-कुंकू नको. जाळीत भुकटी गेली की त्याचं नाक बंद होतं."

"बरं बाई. फूल चालंल न्हवं?" त्यांनी खाली जमिनीवर त्याच्यापुढे एक झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. मग वळल्या आणि मला म्हणाल्या, "बस."

"कुठं?"

"तिथं. पाटाशेजारी. कढईच्या रांगंत."

मी हसत बसले. मला वाटलं, आरतीला ताट धरायला सांगतील. त्यांनी हळदीत बोट बुडवलं आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं. मग वर एक बारीक कुंकवाचा ठिपका.

"वीस वर्षांतली सोळा वर्षं माझं ह्याच्यावर चाललं," त्या म्हणाल्या, "पूजा मात्र कढईची केली."

आक्का गुडघ्यावर हात टेकून माझ्यासमोर खाली बसल्या, अगदी जवळ, आणि लहान मुलीसारख्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीचा कसला वास येतोय घरात?"

मी डोळे पुसले, एक लांब श्वास घेतला, आणि झेंडूपासून सुरुवात केली.